इतिहासात एम.ए. करतेय, पुढे काय? (आणि घराजवळचं तेर बघायला एवढा उशीर का झाला)

तगरकन्या
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

मी धाराशिव जिल्ह्यातली, पुण्यात इतिहासात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. गावी गेलं की पाव्हणेरावळे विचारतात "संपलं का गं तुझं ते इतिहासाचं?" म्हणजे जसं काही दुखणं आहे आणि आता उतार पडायला हवा. आई म्हणते बी.एड. कर, बाबा म्हणतात एमपीएससी, मामा म्हणतो आधी लग्न. मला स्वतःला संग्रहालयात काम करायचंय, पण त्यातही घोळ झालाय, तो सांगते.

मागच्या वर्षी सातवाहन काळातला व्यापार शिकवताना सरांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक पाँपेईत सापडलेली हस्तिदंती बाई आणि दुसरी तशाच धाटणीची, आमच्या तेरची. पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे ती बाई त्याच्या आधीच इकडून तिकडे पोचलेली. सर म्हणाले, तेर कुणी बघितलंय? मी जोरात हात वर केला. सर म्हणाले, मग संग्रहालय कसं आहे? हात खाली. कारण तेरला मी पन्नासदा गेले असेन, गोरोबाकाकांच्या दर्शनाला, मावशीकडे, लग्नांना, पण संग्रहालयाच्या फाटकातून आत एकदाही नाही. घरापासून एसटीने तासाभरावर. वर्गात सगळे हसले, मी पण हसले, पण रात्री काही झोप आली नाही.

दिवाळीत गेले. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तू, त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय. भाजक्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी. दोन तास होते, तेवढ्यात माझ्याशिवाय पाच जण आले, त्यातले तीन पंख्याखाली बसायला.

मग उन्हाळ्यात एका संग्रहालयात (नाव नको) दोन महिने बिनपगारी इंटर्नशिप केली. वाटलं होतं मूर्तींचा अभ्यास करू, प्रदर्शनं मांडू. प्रत्यक्षात जुन्या रजिस्टरातल्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या. "मूर्ती, दगड, भग्न." खालची नोंद, "मूर्ती, दगड, भग्न." अशा चारशे. कुठून आली, कुणी दिली, काही नाही. गोरोबाकाकांनी थापटलं असतं तर माझं मडकं कच्चंच निघालं असतं, दुसऱ्या आठवड्यात रडूच फुटलं.

तर प्रश्न दोन. या क्षेत्रात पोटापुरतं मिळवणारे कोणी इथे आहेत का आणि कसं मिळवता? आणि परीक्षेनंतर दीड महिना मोकळा आहे, एसटीने आणि कमी पैशात काय काय बघू? तेरसारखं नाक्यावरचं काहीतरी परत राहून जायला नको.

वैतागवाडी
एमपीएससी.

कोकणी_बोका
आलाच! मला वाटलं निदान चौथ्या-पाचव्या प्रतिसादापर्यंत कळ काढाल :)

निवृत्त_मास्तर
तगरकन्या बाळ, तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे कडू आधी सांगतो. प्राध्यापकीची वाट आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. जागा निघत नाहीत, निघाल्या तर एका जागेला ढिगाने अर्ज, आणि मधली सगळी वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबीवर) काढायची. म्हणजे शिकवलेल्या तासांचे पैसे, तेही बिलं निघतील तेव्हा, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. माझे दोन विद्यार्थी चाळिशीला आले, अजून सीएचबीवर आहेत. एक सकाळी कॉलेज करतो, संध्याकाळी किराणा दुकान. दुकान बरं चाललंय.

आता गोड. शेवटच्या वर्षाला असतानाच नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देता येते, ती दे. प्राध्यापक व्हायचं नसलं तरी दे. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) लागली तर महिना ३७ हजार मिळतात आणि पीएचडीची पहिली दोन वर्षं घरी हात पसरावा लागत नाही. इतिहासवाल्या पोरांना सलग दोन वर्षं डोकं शांत ठेवून वाचायला मिळणं ही चैन आहे.

आणि त्या चारशे नोंदींचं वाईट वाटून घेऊ नकोस. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले ते गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची उंदरांनी कुरतडलेली दप्तरं उपसून. तेही कारकुनी कामच होतं.

पुणेरी_पगडी
मास्तर, आदर राखून, पण राजवाड्यांचं उदाहरण देऊन पोरांना उपाशी ठेवायची आपली जुनी खोड आहे. राजवाड्यांना कोथरूडला खोलीचं भाडं भरायचं नव्हतं. बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे ज्याच्या घरी पैसे आहेत त्यानेच इतिहास करावा असं म्हणण्यासारखं आहे. निदान जाण्यायेण्याचा खर्च तरी द्या की लेको.

निवृत्त_मास्तर
पगडी, हे मात्र मान्य. मागे घेतो.

कोकणी_बोका
पुणेकरापुढे कुणीतरी मागे घेतलं, तारीख नोंदवून ठेवा.

रेवा_
मी मुंबईत एका संग्रहालयात डॉक्युमेंटेशन बघते, अकरा वर्षं झाली. तगरकन्या, तुझं वाचून हसू पण आलं आणि पोटात पण तुटलं कारण माझीही सुरुवात तशीच. फक्त एक्सेल नव्हतं, धुळीने शिंका येत होत्या.

पण एक सांगते, तू केलंस ते संग्रहालयातलं खरं काम आहे. काचेच्या कपाटात दिसतं ते थोडं असतं. पुण्याचं केळकर संग्रहालय घे, तिथे वीसेक हजार वस्तू आहेत, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या कोठारात. त्यांना कोण ओळखतं? रजिस्टर ओळखतं. आणि "मूर्ती, दगड, भग्न" एवढीच नोंद असेल तर उद्या ती मूर्ती चोरीला गेली, चार वर्षांनी परदेशात एखाद्या लिलावाच्या कॅटलॉगात दिसली, तर ती आपलीच हे कशाच्या जोरावर सांगणार? माप नाही, फोटो नाही, कुठल्या गावातून आली ते नाही. मूर्ती समोर दिसतेय आणि मागता येत नाही.

पोटापाण्याचं म्हणशील तर पैसे फार नाहीत, खोटं कशाला सांगू. कायम जागा थोड्या, बाकी अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं, प्रकल्प संपला की परत शोधाशोध. पण नुसत्या एम.ए.वर येऊ नकोस, हाताला काहीतरी कसब हवं. बडोद्याला म्युझिऑलॉजीचा विभाग १९५२ पासून आहे, नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज आहे (आधीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट). जतन-संवर्धनात माणसं कायम कमी पडतात, लखनौला त्याची राष्ट्रीय प्रयोगशाळाच आहे, पण तिथे रसायनशास्त्र लागतं आणि आपण इतिहासवाले बारावीत त्यालाच घाबरून पळालेलो असतो. संग्रहांच्या डिजिटल नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची प्रणाली केलीये, ती येत असेल तर अर्जात जरूर लिही. तुझं एक्सेल अगदीच वाया गेलं नाही.

सह्यभटक्या
माझं मत थोडं वेगळं. संग्रहालयात मला दम लागतो. वस्तू तिच्या जागेवरून उचलली की अर्धी मेली. फोटो काढू नका, हात लावू नका, जोरात बोलू नका, शाळेच्या ट्रिपा मुंग्यांसारख्या एका दाराने आत दुसऱ्याने बाहेर. त्यापेक्षा बाहेर पड.

पहिल्यांदा जुन्नर धर. पुण्याहून जुन्नरला एसटीने सकाळी सकाळी पोच, मग लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. जुन्नरच्या आसपास दोनशेच्या वर लेणी आहेत, एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नकोस. दुसऱ्या दिवशी घाटघरच्या गाडीने नाणेघाट (वेळ स्टँडवर विचारून घे आणि परतीची तर नक्कीच विचार). घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण, म्हणतात त्यात जकात टाकायचे. खालच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख, ब्राह्मीतला, यज्ञात काय काय दान दिलं त्याची यादी आकड्यांसकट, घोडे किती गाई किती. त्याच गुहेत मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता कुणाची पावलं तेवढी दिसतात, बाकी सपाट. पण त्यांच्या डोक्याच्या जागी वर नावं कोरलीयेत ती आहेत. राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका, कुमार भायल, महारठी अमुक. पावसाळ्यात तिथे उभं राहिलं की ढग गुहेत शिरतात. हे कुठल्या काचेच्या कपाटात बसवणार?

रेवा_
@सह्यभटक्या, तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडला की हो! नाणेघाटात मूर्ती गेल्या आणि लेबलं राहिली, म्हणून आपल्याला ती माणसं माहीत आहेत. तगरकन्येच्या रजिस्टरात उलटं झालं, मूर्ती आहेत आणि लेबलं नाहीत. आता सांगा कोण जास्त मेलंय.

कोकणी_बोका
भटक्याभाऊ, पाणी प्या.

सह्यभटक्या
प्यालो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सहा वेळा गेलोय तिथे. तरी संग्रहालयात दम लागतो ते लागतोच.

बाबूराव_रुमालवाले
इथे कुणी मोडीचं नाव कसं काढलं नाही? माझं बी.ए. इतिहास, एम.ए. अर्धवट, आणि गेली चौदा वर्षं मोडी वाचून घर चालवतोय. घर म्हणजे बायको, दोन पोरं आणि कर्जाची गाडी, एकटा जीव नाही.

कामं कुठली ते सांगतो. जमिनीचे जुने कागद, खरेदीखतं, इनामाच्या सनदा, वाटणीपत्रं. वकील येतात, वारस येतात, देवस्थानचे विश्वस्त येतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सर्रास मोडी लिहीत होते, त्यामुळे पणजोबांचा कागद घरातल्या कुणालाच वाचता येत नाही अशी घरं गावोगाव आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा तर तहसील कचेऱ्यांतून फोनवर फोन. कोतवाल बुकं, गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळी मोडीत. वर्षानुवर्षं "हे शिकून काय मिळतं" विचारणारे माझे मेहुणे त्या वेळी "आमच्या पोराला शिकवता का" म्हणत आले.

शिकायला अवघड नाही. आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. वाचताना घोळ होतो तो इथेच, कुठे शब्द संपला ते कळत नाही. आणि तारखा! पेशवाईतला कागद म्हणजे सुहूर सन, तोही अरबी आकड्यांत. "इहिदे सितैन मया व अलफ" वाचलं की पहिल्या दिवशी घाम फुटतो. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६१. त्यात ५९९ नाहीतर ६०० मिळवा, १७६०-६१, म्हणजे पानिपताचं वर्ष. जंत्री हाताशी ठेवली की जमतं. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, थोड्या दिवसांचे, तिथून सुरुवात कर. खरं शिकणं पुण्याच्या पेशवे दप्तरात. कापडात बांधलेले रुमालच्या रुमाल आहेत, हजारोंनी. इतिहासकार सरदेसायांनी त्यातले निवडून ४५ भाग छापले तरी तो समुद्रातला तांब्याच.

वैतागवाडी
कुणबी नोंदींचं म्हणाल तर खरं राजकारण असं आहे की

पुणेरी_पगडी
नको. एवढा चांगला धागा चाललाय.

निवृत्त_मास्तर
+१. वैतागवाडी, दुसरा धागा काढा, आम्ही तिथे येऊन भांडतो.

रेल्वेवेडा
अवांतर: तेरला रेल्वेने पण जाता येतं बरं का. तेर नावाचं स्टेशन आहे, कुर्डुवाडी-लातूर मार्गावर. हीच ती जुनी बार्शी लाईट, अडीच फुटी रूळ, १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ ला लातूरपर्यंत पोचली. आमचे आजोबा सांगायचे की चढावर गाडी एवढी हळू व्हायची की उतरून ज्वारीची कणसं मोडून परत चढता यायचं. आता ब्रॉडगेज झाली, कणसं बंद.

कोकणी_बोका
ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल प्रत्येकाच्या आजोबांनी सांगितलेली आहे.

रेल्वेवेडा
आणि प्रत्येकाचे आजोबा खरं बोलत होते.

माहेरवाशीण
तगरकन्या ताई, फिरायचं म्हणालीस तर एसटीची "आवडेल तेथे प्रवास" पासची योजना बघ, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असतो. आम्ही मैत्रिणींनी कॉलेजात असताना सात दिवसांचा काढून अख्खा महाराष्ट्र पालथा घातला होता, रात्रीची गाडी पकडायची म्हणजे लॉजचे पैसे वाचतात.

पुणेरी_पगडी
पण आता बायकांना अर्धं तिकीट आहे, मग पास परवडतो का? कुणी गणित केलंय का?

माहेरवाशीण
अरे हो की. आमच्या वेळी नव्हतं हो. रोज लांबचा पल्ला असेल तरच परवडेल, नाहीतर अर्धं तिकीटच बरं. आणि रात्रीच्या गाडीचं मी सांगितलं ते तुझ्या आईला दाखवू नकोस.

लेणीवाला
मी वेरूळला गाईड आहे. एक फार कामाची गोष्ट सांगतो, आठवडा आखून निघ. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, पुरातत्त्व खात्याची साइटवरची संग्रहालयं शुक्रवारी बंद, राज्य शासनाची बहुतेक सोमवारी.

रेवा_
आणि मुंबईचं भाऊ दाजी लाड बुधवारी.

कोकणी_बोका
म्हणजे गुरुवारी सगळा इतिहास उघडा असतो. उपास सोडायला बरं.

लेणीवाला
हाहा. धंद्याचं पण विचारलंय म्हणून लिहितो. माझं एम.ए. नाही, बी.ए. आहे, पण जपानी शिकलो आणि त्यावर सगळं चाललंय. थंडीत काम एवढं असतं की घसा बसतो, एप्रिल-मेमध्ये माशा मारायच्या. वर्षाचं गणित चार महिन्यांवर. करोनात दोन वर्षं मी भाजी विकली, लपवायचं काय त्यात.

आणि लोकांना काय हवं असतं ते पण सांगतो. कैलास लेण्यापुढे उभं करून मी सांगतो की हे वरून खाली कोरत आणलंय, पाया आधी नाही कळस आधी. मग रामायणाचा पट, रावण कैलास हलवतोय ते शिल्प, सगळं. आणि शेवटी विचारतात, "खर्च किती आला असेल हो?" पंधरा वर्षं हाच प्रश्न. आता मी एक आकडा ठोकून द्यायला लागणार होतो पण मन होत नाही. एक दिवस एक शाळकरी पोरगी म्हणाली, "काका, काढलेला दगड कुठे टाकला?" त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत.

निवृत्त_मास्तर
लेणीवाले, असा एक विद्यार्थी दर वर्षी भेटला असता तर मी निवृत्तच झालो नसतो.

अवलिया७२
साताऱ्याचं कुणी बोललं नाही. तिथल्या शिवाजी महाराज संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली होती, काही महिने तिथे होती. मी नातवाला घेऊन गेलो तर ही रांग! इतकी गर्दी संग्रहालयाला मी जन्मात बघितली नाही. अंगावर काटा आला.

पुणेरी_पगडी
काटा आला ते ठीक, पण ती महाराजांनी वापरलेलीच हे लंडनचं संग्रहालय स्वतःसुद्धा खात्रीने सांगत नाही. ग्रँट डफ (साताऱ्यातला कंपनीचा अधिकारी) याच्या घराण्याकडून आली एवढंच. पेटीवर लिहिलं होतं हा काही पुरावा नाही.

अवलिया७२
म्हणजे आमची श्रद्धा खोटी का?

रेवा_
अवलियाकाका, श्रद्धा वेगळी आणि नोंद वेगळी. दोन्ही एकाच कपाटात राहू शकतात, फक्त पाटीवर खरं लिहायचं. मला त्यात जास्त आवडलं ते रांगेचं. वाघनखं बघायला आलेल्या हजारातले पन्नास जण जरी शेजारच्या दालनात वळले तरी खूप झालं.

अवलिया७२
नातू वळला होता. तोफेवर बसायचं होतं त्याला.

सह्यभटक्या
साताऱ्याला गेलीस की औंध सोडू नकोस (बघा, संग्रहालय सुचवतोय). टेकडीवर यमाई आणि तिथेच औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये उघडलेलं भवानी संग्रहालय. रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी शिल्प आहे! माणदेशाच्या उन्हात हेन्री मूर. मी आत गेलो तेव्हा रखवालदार काका आणि मी, दोघंच. तिथून पुढे कोल्हापूर, टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला ब्राँझचा पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेकाठी. तुझ्या हस्तिदंती बाईच्या उलट दिशेने आलेला पाहुणा. दोघांना मनातल्या मनात भेटव.

डेट्रॉईटकर
इकडच्या आर्ट म्युझियममध्ये मी महिन्यातले दोन शनिवार स्वयंसेवक म्हणून माणसं फिरवतो. पेशाने गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. सगळ्यात जास्त गर्दी दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांपुढे, कारण त्यात मोटारीचा कारखाना आहे आणि लोकांचे आजोबा तशाच कारखान्यात होते, ते बोट दाखवून सांगतात आमचे आजोबा या मशीनवर होते. वाचताना मनात आलं, आपल्या गावातल्या संग्रहालयात माझ्या आजोबांचं काय आहे ते मी कधी बघितलंच नाही. मी पैठणचा. तिथेही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाचं शासकीय संग्रहालय आहे, तेरसारखंच. पाटी अनेकदा वाचलीये. आत? नाही.

तगरकन्या
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवं पण परवा पेपर आहे. रेवाताई, नाणेघाटाचं वाचून मी ती चारशे नोंदींची फाइल परत उघडली. डेट्रॉईटकर दादा, पैठण आणि तेर (तेव्हाचं तगर) दोन्ही जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात जोडीने येतात, म्हणजे आपण दोघं दोन हजार वर्षांपूर्वीचे शेजारी आणि दोघंही फाटकाबाहेर :)

एक गंमत. घरी फोनवर हे सगळं सांगत होते तर बाबा म्हणाले, मणी का? ते तर आम्ही पावसानंतर पांढरीवर वेचायचो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या वस्तीचं टेकाड म्हणजे पांढरी, तिथली माती माळवदावर टाकायला गाडीगाडीने आणायचे. बाबांचं आजोळ तेरचं.) म्हणे काचेचे, लाल दगडाचे, कुणाकडे डबाभर असायचे, गोट्यांच्या बदल्यात द्यायचे. आणि मी हे पाठ्यपुस्तकात वाचलं!

कायद्याचं_बोला
थांबा. असे मणी-नाणी वेचून घरी ठेवणं कायद्यात बसत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे, जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शिवाय १९७२ चा पुरावशेषांचा कायदा.

कोकणी_बोका
काकांच्या डब्यातल्या मण्यांची किंमत गोट्यांमध्ये ठरलेली होती, ते दहा रुपयांत बसतात.

कायद्याचं_बोला
विनोद नाही हो. असंच सगळं गेलंय आपलं.

बाबूराव_रुमालवाले
दोन्ही बाजू खऱ्या. लामतुरेंसारख्यांनी गोळा केलं नसतं तर आज संग्रहालयच नसतं, ते सगळं माळवदावर नाहीतर दलालाच्या पिशवीत गेलं असतं. पण वेचलेल्या मण्याला थर नाही, शेजारी काय होतं माहीत नाही. उत्खननवाल्यांसाठी तो परत "मूर्ती, दगड, भग्न"च.

तगरकन्या
(तीन आठवड्यांनी) परत आले. पेपर झाले, बरे गेले. नेटचा फॉर्म भरला, मोडीच्या वर्गाला नाव घातलं. जुन्नर, नाणेघाट, औंध, कोल्हापूर झालं, लेणीवाले काकांच्या वेळापत्रकाने, तरी एका ठिकाणी कुलूप मिळालंच कारण जयंतीची सुट्टी. नाणेघाटात पावलं बघितली. खरंच फक्त पावलं.

शेवटी तेरला गेले, या वेळी बाबांना घेऊन. आधी गोरोबाकाका, मग त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मागून बघितलं तर गजपृष्ठाकार, मुळात चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) असावं असं बरेच अभ्यासक म्हणतात ते. बाबा म्हणाले, या देवळामागे आम्ही लपाछपी खेळायचो, पाठ अशी गोल का ते कुणी सांगितलं नाही. मग संग्रहालय. बाबा मण्यांच्या कपाटापुढे इतका वेळ थांबले की तिथल्या कर्मचाऱ्यांना शंका आली. मग बाबांनी त्यांना सांगायला सुरुवात केली, कुठले मणी कुठल्या बाजूला मिळायचे, नदीकडच्या अंगाला शंखाचे तुकडे जास्त, वरच्या बाजूला काच. मी वही काढली आणि लिहून घेतलं. चार पानं झाली. रेवाताई, याला काय म्हणतात तुमच्यात?

रेवा_
तोंडी इतिहास म्हणतात आणि त्याचे पैसे पण मिळतात कधीकधी. तारीख घाल, बाबांचं नाव, वय, कुठे उभं राहून सांगितलं ते सगळं घाल. टेकाडाचा नकाशा हाताने काढून त्यावर त्यांच्याकडून खुणा करून घे. आजच कर, उद्या नको.

निवृत्त_मास्तर
पीएचडीचा विषय मिळाला की बाळ.

बाबूराव_रुमालवाले
एक राहिलं. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्यात सहायक संचालक, अभिरक्षक अशी पदं असतात. अभिरक्षक म्हणजे क्युरेटर. जागा क्वचित निघतात पण जाहिरातीवर लक्ष ठेव. भरती एमपीएससीतून होते.

पुणेरी_पगडी
अरे देवा.

वैतागवाडी
कृपया पहिला प्रतिसाद परत वाचावा. मी कॉलर ताठ करून झोपायला जातो.